सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी: ऑफिसच्या सीलिंगवर उदमांजर, टॉवेलच्या गठ्ठ्यांवर घाण. पिंजरा न लावता घालवायचं कसं?

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. टॉवेलचं युनिट आहे. शेडवर सिमेंटचे पन्हाळी पत्रे, शेडला लागून ऑफिस आणि ऑफिसला जिप्समचं फॉल्स सीलिंग. दिवाळीपासून रोज रात्री आठच्या सुमाराला सीलिंगवरून काहीतरी जड चालतंय, पहाटे परत तोच आवाज. सीलिंगच्या दोन चौकोनांवर पिवळे डाग पडलेत. गोडाऊनमध्ये पॅक केलेल्या गठ्ठ्यांवर लांबट विष्ठा असते, तीत बोराच्या आठळ्या. वॉचमनने टॉर्च मारला तर मांजरापेक्षा लांब अंगाचं, काळपट, अंगाएवढीच शेपटी असलेलं जनावर भिंतीवरून गेलं म्हणतो. कामगार त्याला मसण्या ऊद म्हणायलेत. रात्रपाळीची माणसं तिकडं एकटं जाईनात.

एक जण म्हणतोय, तीन हजार द्या, पिंजरा लावून धरतो आणि नान्नजच्या माळावर सोडतो. दुसरा म्हणतो, पोतंभर डांबर गोळ्या टाका. माल एक्सपोर्टचा आहे, वास लागला तर गठ्ठाच परत येईल. जनावर मारायचं नाही, एवढं पक्कं. बाकी काय करायचं ते सांगा की ओ कुणीतरी.

रातकिडा

वर्णनावरून उदमांजरच वाटतंय, तरी खात्री करून घ्या. उंदरांची पळापळ हलकी, भरभर आणि रात्रभर चालू असते. उदमांजराची पावलं धपधप वाजतात, तीही अंधार पडल्यावर बाहेर जाताना आणि उजाडायच्या आधी परतताना. मधले तास सामसूम. खार दिवसा पळते. घूस सीलिंगवर राहत नाही, ती जोत्याजवळ माती उकरते. शेवटची खूण पावलांची: भिंतीच्या ज्या कडेवरून जातं तिथं रांगोळीचा पातळ थर पसरा. मांजराच्या ठशात चार बोटं उमटतात, उदमांजराच्या ठशात पाच.

पिंजरेवाल्याला नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पकडणं आणि सापळा लावणं येतं, आणि कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. जनावर नंतर जिवंत सोडलं तरी परवानगीशिवाय धरणं हा गुन्हाच. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून दंडाची रक्कमही वाढली आहे. पैसे देऊन धरायला लावणारा मालकही यातून सुटत नाही.

नान्नजची कल्पना तर सगळ्यात वाईट. ते माळढोकचं अभयारण्य आहे. तिथल्या टिटव्या, धाविक असले पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि उदमांजर अंडी, पिल्लं सोडत नाही. शिवाय हे झाडावरचं जनावर. दिवसा ढोलीत, पत्र्याखाली, दाट फांद्यांत झोपायची त्याला सवय. माळावर सोडलं तर लपायला जागा नाही आणि कुठं काय खायला मिळतं ते माहीत नाही, त्यात गावची कुत्री. आणि तुमच्या शेडचं भोक तसंच राहिल्यावर महिन्या-दोन महिन्यांत दुसरं उदमांजर येऊन बसणार. दर वेळी तीन हजार देत राहा.

डांबर गोळ्यांनी जनावर जात नाही, फार तर दोन चौकोन पलीकडे सरकतं. वास मात्र टॉवेलच्या उभ्या धाग्यांच्या फासांत (टेरीच्या लूपमध्ये) असा मुरतो की धुतल्याशिवाय निघत नाही. बंद ऑफिसात तो वास माणसांनाही बाधतो. मिरचीचा धूर, फिनेल, फटाके यांचंही तेच.

मसण्या ऊद प्रेतं उकरतो, तान्ही पोरं नेतो, या गोष्टींत काही तथ्य नाही हे कामगारांना जेवणाच्या सुट्टीत बसवून सांगा. दोन ते पाच किलोचं जनावर ते. फळं, किडे, उंदीर खातं आणि माणूस दिसला की पळतं. चावतं ते कोंडीत सापडल्यावरच. म्हणून सीलिंगमध्ये काठी घालून ढोसायचं नाही.

उपाय सोपा आहे. ते रोज रात्री आपल्या पायांनी बाहेर जातंय. त्याला परत आत येता येऊ नये, एवढीच व्यवस्था करायची. पण त्याआधी आत पिल्लं आहेत का, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. दिवसा सीलिंगला कान लावून ऐका. बारीक चिवचिव किंवा कुईकुई येत असेल, किंवा मोठं जनावर एका रात्रीत दोन-तीनदा आत-बाहेर करत असेल, तर पिल्लं आहेत असं धरा. यांची वीण वर्षात कधीही होऊ शकते, त्यामुळे महिना बघून अंदाज बांधू नका.

पत्रा_आणि_पर्लिन

फॅब्रिकेशनच्या बाजूनं सांगतो.

आधी भोकं शोधा. भर दुपारी ऑफिसचे लाइट बंद करायचे, सीलिंगचा एक चौकोन उचलायचा आणि शिडीवरून डोकं वर काढून बघायचं. जिथून उजेड येतो ती फट. तोंडाला रुमाल आणि डोळ्याला गॉगल पाहिजेच, वर धूळ आणि मूत दोन्ही असतं. नुसत्या पन्हाळीतून मोठं उदमांजर जात नाही, नाळेची खोली साधारण ४८ मिलिमीटर असते. तिथून उंदीर जातात, आणि उंदरामागून साप. उदमांजर येतं ते तुटलेल्या कोपऱ्यातून, एक्झॉस्ट फॅन काढलेल्या चौकटीतून, एसीचे पाइप न्यायला फोडलेल्या भोकातून, नाहीतर ऑफिसचा स्लॅब आणि शेडचा पत्रा जिथं मिळतो त्या जागेतून. चार इंचाची फट दिसली की संशय धरा. येण्याजाण्याच्या भोकाच्या कडा तेलकट काळ्या झालेल्या असतात, केसही चिकटलेले सापडतात.

मुख्य भोक सोडून बाकी सगळं आधी बंद करा. अर्धा इंच बाय अर्धा इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली जाळी, घ्या. कोंबडीची षटकोनी जाळी नको, ती दातानं आणि नखानं उचकटते. जाळी भोकाच्या चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त ठेवून भिंतीत फिशर आणि वॉशर लावून आवळा.

मुख्य भोकावर एकेरी दार. चौकट दहा इंच बाय दहा इंच. झडप हलक्या अॅल्युमिनियम पत्र्याची, बिजागरी वरच्या बाजूला, उघडणार बाहेरच्या अंगाला. झडप चौकटीपेक्षा तिन्ही बाजूंनी अर्धा ते एक इंच मोठी ठेवायची, म्हणजे आत झुलत नाही. चौकटीचा खालचा भाग थोडा बाहेर काढून बसवा, झडप आपोआप खाली पडून बंद होते. खाली बोट जाईल एवढी फट राहिली तर हे जनावर नख अडकवून झडप उचलतं, आणि मग सगळी मेहनत पाण्यात. स्प्रिंग लावू नका. जोर लावावा लागला की ते बाहेर पडायचं सोडून दुसरीकडून सीलिंग फोडतं.

दोन सूचना जिवाच्या. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर टेकतो त्यांवर, आडवी फळी टाकून, पत्रा आवळणाऱ्या जे-हुकांच्या रांगेवरूनच चालायचं. जुना पत्रा काही न सांगता फुटतो आणि खाली मशीन असतं. दुसरं, वेल्डिंग जागेवर करायचं नाही. टॉवेलच्या शेडमध्ये पर्लिनवर, ट्रसवर, सीलिंगच्या वर सगळीकडे रुईची फुसफुस साचलेली असते, एका ठिणगीचं काम. चौकट बाहेर बनवून आणा आणि नटबोल्टनं बसवा. जुना पत्रा अॅस्बेस्टॉसचा असणार, त्याला भोक पाडायचं टाळा. पाडावंच लागलं तर पाणी मारत, हातड्रिलनं. ग्राइंडर अजिबात नको.

एकदा दार बसलं की दुसऱ्या दिवशी जनावर बाहेर. विषय संपला.

रातकिडा

दाराची रचना अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी विषय संपत नाही, तेवढं दुरुस्त करतो.

पहिल्या दोन-तीन रात्री झडप वर बांधून उघडी ठेवा. नवीन वस्तू दिसली की उदमांजर बिचकतं, एखादी रात्र आतच बसून राहतं. चौकटीतून जायची सवय झाली की मग झडप सोडा. उंबऱ्यावर आतून आणि बाहेरून रांगोळी टाका आणि रोज सकाळी वाचा. ठसे बाहेर जाणारे, आत येणारे नाहीत, सीलिंगवर आवाज नाही, असं सलग तीन रात्री झालं की घर रिकामं. तरी शेवटची चाचणी घ्या: आतल्या बाजूनं भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवा. आत कुणी असेल तर तो बोळा बाहेर ढकललेला सापडेल. तोही तीन रात्री जागचा हलला नाही की कायमची जाळी लावा.

पिल्लं असतील तर हे दार लावायचंच नाही. आई बाहेर अडकते, ती पत्रा, केबल, सीलिंग जे सापडेल ते उचकटते. आत पिल्लं उपाशी मरतात आणि दोन आठवडे ऑफिसात बसवत नाही. त्यात फेब्रुवारी संपता संपता आपल्याकडे ऊन तापायला लागतं. पत्र्याखाली कोंडलेलं पिल्लू दुपार काढत नाही.

पिल्लांना साधारण दोन महिने आईचं दूध लागतं. तेवढं थांबता येत असेल तर थांबणंच उत्तम. गठ्ठ्यांवर ताडपत्री टाका, सीलिंगखालच्या कॉम्प्युटरवर प्लास्टिक घाला आणि थांबा. घाई असेल तर आईला जागा आवडेनाशी करायची. ९ वॅटचा एलईडी दिवा सीलिंगच्या वर रात्रंदिवस चालू ठेवा. जुना पिवळा बल्ब नको, तो तापतो आणि रुई पेटते. सोबत माणसांच्या बोलण्याचा रेडिओ, नेहमीच्या आवाजात. दोन्ही पिल्लांच्या डोक्यावर नाही, पलीकडच्या टोकाला ठेवायचं. आईला पिल्लांपर्यंत निवांत जाता आलं पाहिजे आणि भोक पूर्ण उघडं पाहिजे. उदमांजराच्या एकाहून जास्त ठरलेल्या जागा असतात, ती पिल्लांना एकेक करून तोंडात धरून नेते. दोन-तीन रात्रींत बहुतेक वेळा हलते. हलली नाही तर दिवा काढा आणि दोन महिन्यांचा पर्याय धरा. ताण वाढवत नेला तर ती पिल्लं टाकून जाऊ शकते.

एखादं पिल्लू मागं राहिलं किंवा सीलिंगमधून खाली पडलं तर जाड हातमोजे घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात, सुती कापडावर, भोकाच्या अगदी जवळ ठेवा. खोक्याची एक बाजू खाली कापा. रात्री आई नेते. गाईचं दूध, पाणी, बिस्किट काहीही पाजू नका. दूध फुप्फुसात जाऊन पिल्लं दगावतात, आणि एरवीही गाईचं दूध त्यांना पचत नाही. सकाळी खोक्यात असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन.

कुणाला चावलं, ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं, हळद-चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी सिव्हिलला जायचं. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा.

माळवद

धागा टॉवेलवाल्यांचा आहे, मध्येच घुसतो, माफ करा. शहरात जुना वाडा आहे, माळवदाचा. तुळया आणि भिंतीच्या सांध्यात पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, झाल्यात. संध्याकाळी फटीतून भुरुभुरु बाहेर पडतात, सकाळी ओसरीवर काळ्या लेंड्यांचा सडा. हीच झडपेची युक्ती चालेल का? शेजारचे म्हणतात, फवारा मारा.

सांजपाखरू

युक्ती तीच, सामान वेगळं.

लेंडी आधी बोटाच्या चिमटीत, पण कागदात धरून चुरडा. भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसले तर पाकोळीची. कडक राहिली तर उंदराची. मग सूर्यास्तानंतर अर्धा तास अंगणात उभं राहून नेमक्या कुठल्या फटींतून बाहेर पडतात ते खडूनं खूण करून ठेवा. बोटभर फटसुद्धा त्यांना पुरते.

वापरातल्या फटीवर कडक प्लास्टिकची जाळी लावायची, भोकं तीन-चार मिलिमीटरची. मोठ्या भोकांच्या जाळीत त्यांची बोटं आणि पंख अडकतात. जाळी फटीच्या वर वीतभर उंचीवर पक्की करा, दोन्ही कडा भिंतीला पक्क्या, खाली दोन फूट लोंबती आणि खालचं टोक मोकळं. पाकोळी आतून निघून जाळीमागून घसरत खाली येते आणि उडते. परत येताना ती थेट फटीशी उतरू पाहते, तिथं जाळी असते. लोंबतं टोक शोधायचं तिच्या लक्षात येत नाही. सहा-सात रात्री ठेवा, फार थंडीची रात्र मोजू नका, त्या रात्री त्या बाहेर पडत नाहीत. बाहेर पडणाऱ्या शून्य झाल्या की जाळी काढून फट चुना-वाळूच्या माल्यानं बुजवा. सिमेंट नको. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंट धरत नाही, पुढच्या पावसात खपली निघते आणि आधीपेक्षा मोठी फट होते.

वेळ चुकवू नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं असतात, ती काही आठवडे उडत नाहीत. मार्च ते जुलै हात लावू नका. दिवाळी ते शिवरात्र हा काळ बरा.

फवारा तर मुळीच नाही. विष लागलेल्या पाकोळ्या जिन्यात, अंगणात धडपडत पडतात आणि पोरं त्या हातात घेतात. वटवाघळाला, पाकोळीला उघड्या हातानं कधीच धरायचं नाही. साठलेल्या लेंड्या कोरड्या झाडू नका, त्या धुळीतली बुरशी फुप्फुसाला त्रास देते. एन-९५ मास्क घालायचा, पाणी शिंपडून भिजवायचं, फावड्यानं भरून पिशवीत बांधायचं.

टॉवेलवाला

लई उपकार. आज दुपारी सीलिंग उचलून बघितलं. मोठं भोक एसीच्या पाइपाशीच आहे, सहा इंचाचं. दुसरं स्लॅबच्या सांध्याला. चिवचिव काही ऐकू आली नाही, तरी रांगोळी टाकून आठवडाभर बघतो, मग दार. आता दोन प्रश्न. मुताचे डाग आणि गठ्ठ्यांवरची घाण कशानं काढायची? आणि ते स्प्रेचं फोम येतं ते भोकात मारलं तर चालेल का?

ब्लीचिंग_मास्टर

आधी हे वाचा: मुतावर थेट ब्लीच ओतायचं नाही. मुतात अमोनिया असतो. तो आणि ब्लीचमधलं हायपो एकत्र आले की जो वायू सुटतो त्यानं बंद सीलिंगखाली माणूस गुदमरतो. आधी साबणाच्या कोमट पाण्यानं दोनदा पुसून घ्या, साबण पाण्यानं काढा, खिडक्या उघडा, मगच पातळ केलेलं ब्लीच. दहा भाग पाण्यात एक भाग पुरे, दहा मिनिटं ठेवून पुसायचं. जिप्समचा डागाळलेला चौकोन साफ करत बसू नका, बदला. आतपर्यंत मुरलेलं असतं आणि पावसाळ्यात परत वास मारतं. वास पूर्ण जाणंही महत्त्वाचं, त्याच वासावर दुसरं उदमांजर जागा हुडकत येतं.

गठ्ठे: वरचं प्लास्टिक फाटलं नसेल तर प्लास्टिक बदला, माल ठीक. आत पाझरलं असेल तर तो थर वेगळा काढा. ग्रे (कोरा, रंग न दिलेला) किंवा पांढरा माल परत स्कावरिंगला, म्हणजे कारखान्यातल्या धुलाईला, टाकता येतो. रंगीत मालावर ब्लीच नाही, साधा डिटर्जंटचा वॉश द्या आणि उन्हात न वाळवता टंबलरला टाका. वास गेलाय का ते टॉवेल किंचित ओला करून बघायचं, कोरड्या टॉवेलला वास दबतो. पार्टीला पाठवण्याआधी तो लॉट वेगळा ठेवलेला बरा.

पत्रा_आणि_पर्लिन

फोम नुसता नको. उदमांजर तो नखानं ओरबाडून काढतं, घूस तर खातेच. आणि पाळत न ठेवता मारला तर जनावर आत चिणलं जातं. एसीच्या पाइपाशी आधी वेल्डमेशचा तुकडा पाइपाच्या आकाराला कापून बसवा, त्यावर सिमेंट-वाळू एकास तीन. फोम वापरायचाच तर जाळीच्या आतून, पावसाचं पाणी अडवायला. स्लॅब आणि पत्र्याच्या सांध्याला गॅल्वनाइज्ड पत्र्याची फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी पट्टी, वाकवून घ्या. तिथं सिमेंट भरलं तर उन्हानं पत्रा फुगतो-आकसतो आणि सहा महिन्यांत तडा जातो.

वर चढायची वाटही बघा. शेडच्या भिंतीला पावसाच्या पाण्याचा पाइप असेल तर जमिनीपासून चार फुटांवर गुळगुळीत पत्र्याचा दोन फुटी पट्टा पाइपाभोवती घट्ट गुंडाळा, नखं धरत नाहीत. पाइप भिंतीला चिकटून असेल तर पट्टा मागच्या भिंतीवरही रुंद न्यावा लागतो, नाहीतर ते बाजूनं चढतं. कडुनिंबाची फांदी पत्र्यावर आली असेल तर सात-आठ फूट मागं छाटून घ्या, पण छाटणीची परवानगी काढून.

रात्रपाळीचं उरलेलं खाणं आणि केळीच्या साली उघड्या डब्यात राहतात का बघा. झाकणाचा डबा ठेवा, आणि उंदरांसाठी चिकटपट्टी लावली असेल तर ती आधी काढा. तिला पाली, चिमण्या, एखादा सापही चिकटतो आणि तसाच राहतो.